खरं बोलणारा डबा

आमच्या शेजारचे केमिस्टसाहेब कुणाच्याही घरी गेले की आधी रेडिओकडे जायचे. घरच्या माणसांची विचारपूस नंतर. रेडिओच्या लाकडी पेटीवर तळवा टेकवायचा, मान तिरकी करून थोडा वेळ ऐकायचं आणि मग निकाल द्यायचा, "गोड बोलतो. सांभाळून राहा." ज्याने नवसासायासाने तो रेडिओ घरात आणलेला असे, तो बिचारा चहाचा कप पुढे धरून तसाच उभा राही. चहाही साहेब बिनसाखरेचा घेत. साखर कारखान्यात राहून बिनसाखरेचा चहा पिणारा माणूस म्हणजे गंगेच्या काठी राहून अंघोळ न करणारा, असं आमची कॉलनी म्हणायची.

त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "दिवसभर रस तपासायचा असतो मला. जिभेला गोडाची चटक लागली की ती साक्षीदार राहत नाही, फितूर होते."

सत्तरचं दशक नुकतं सुरू झालं होतं. श्रीरामपूरकडच्या एका साखर कारखान्याच्या कॉलनीत आम्ही राहायचो. माझे यजमान उसाच्या वजनकाट्यावर, मी कॉलनीच्या शाळेत मास्तरीण. आमच्या आणि केमिस्टसाहेबांच्या क्वार्टरमध्ये एका विटेची भिंत होती. त्या भिंतीतून त्यांचा संसार मी जेवढा ऐकला, तेवढा नात्यातल्या कुणाचा ऐकला नसेल.

त्यांचं म्हणणं असं, की जगात दोन प्रकारचे डबे असतात. डबा म्हणजे स्पीकर. एक खूश करणारा, दुसरा खरं बोलणारा. गाणं नुसतं ऐकायचं तर पहिला चालतो. पण आवाज भरून घ्यायचा असेल, त्यातलं कमीजास्त करायचं असेल, तर दुसराच हवा. "पहिला डबा जावयासारखा, बाई. पोट भरलं तरी वाहवा करतो. मला नणंदेसारखा डबा पाहिजे. घरात पाऊल टाकलं की कोपऱ्यातलं जळमट दाखवणारा."

ही सगळी उठाठेव एका गोष्टीसाठी होती. त्यांच्याकडे रिळांचा टेपरेकॉर्डर होता, अर्धी खाट अडवणारा. दोन माइक होते. एका फळीवर स्वतः बसवलेल्या दोन खुंट्या होत्या, रेडिओला असतात तशा. एक माइक वहिनींच्या, म्हणजे साहेबांच्या बायकोच्या, तोंडापुढे, दुसरा जात्याजवळ. वहिनी आमच्याच जिल्ह्यातल्या अकोल्याच्या, डोंगरातल्या भाताच्या मुलखातल्या. माहेरून जातं घेऊन आल्या होत्या आणि जात्याबरोबर ओव्याही. साहेबांना त्या ओव्या टेपवर धरून ठेवायच्या होत्या. आवाज किती आणि जात्याची घरघर किती, हे दोन खुंट्या फिरवून जमवायचं. "पिठलं चाखल्याशिवाय मिठाचं कळत नाही," ते म्हणायचे. "आणि चाखणारी जीभच खोटी असली तर पिठल्याला बोल लावून काय उपयोग?"

म्हणून डब्यांचा शोध. बेलापूरला एक कर्णेवाला होता. लग्नाला, जत्रेला कर्णे लावायचा. अंगाने आडवा, बोलायला मोकळा. तो पंधरवड्याला सायकलच्या कॅरिअरला काहीतरी बांधून घेऊन यायचा आणि दारातूनच ओरडायचा, "साहेब, आज लई झ्याक माल हाय! तंबूतल्या टाकीजचा हाय ह्यो!" वहिनी आतून म्हणायच्या, "आला गं बाई जावई."

एका डब्याला साहेबांनी पाण्याच्या रांजणाच्या तोंडावर बसवलं. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की मातीचं भांडं आवाज वाढवत नाही नि घटवत नाही. पाणी पितळी घागरीत गेलं आणि रांजण बैठकीच्या खोलीत आला. त्यातून जो आवाज निघाला तो विहिरीत पडलेल्या माणसासारखा होता. पोस्टमन दारात थबकून म्हणाला, "आत कोन पडलंय?" साहेबांनी त्या डब्याचं नाव ठेवलं महाराज आणि आठवड्याने त्याला पेन्शन दिली. रांजण काही परत आत गेला नाही. त्यात छत्र्या ठेवू लागले.

दुसरा पुण्याहून आणलेला, गुळगुळीत शिसवी पेटीचा. तो कॉलनीत सगळ्यांना आवडला. त्यावर वहिनींची ओवी लागली की बायका डोळ्याला पदर लावायच्या. साहेबांनी त्याचं नाव ठेवलं गोडबोल्या. "ह्याच्यावर कारखान्याचा भोंगासुद्धा भजन म्हणेल," असं म्हणून त्याला भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

तिसरा तो तंबूतल्या टॉकीजचा. लहान, पत्र्याचा, एका बाजूला चेमटलेला. त्याचा आवाज कानाला लागायचा, अक्षरशः लागायचा. 'च' म्हटलं की चिमटा बसायचा. माझ्या यजमानांनी पहिल्यांदा ऐकला आणि कानात बोट घातलं. साहेबांचा चेहरा मात्र उजळला. ते जवळ सरकले, पेटीला कान लावला आणि म्हणाले, "हा. हा खरं बोलतो." त्याचं नाव पडलं करवत.

डबा कसा तपासायचा याची त्यांची रीत होती. गाण्याने नाही तपासायचा, कारण गाण्यात मन गुंततं. रोजचे आवाज टेपवर घ्यायचे, शहाबादी फरशीवर पडणारी चावी, फाटणारा कागद, सुपात पडणारे गहू, आणि सगळ्यांत अवघड म्हणजे मोहरीची फोडणी. वहिनींना कढईपाशी उभं करून, माइक पदराने झाकून (तेल उडू नये म्हणून) ती फोडणी किती वेळा टेप झाली असेल देव जाणे. महाराजांवर ती फोडणी बैल कडबा चघळल्यासारखी यायची. गोडबोल्यावर पावसासारखी. करवतीवर मोहरी होती मोहरीच, फक्त ती आपल्या डोक्यात तडतडायची.

याच मोहरीवरून भिंतीपलीकडे रोज सकाळी एक संवाद व्हायचा. आम्ही तो ऐकतच स्टोव्हला पंप मारायचो.

"मोहरी तडतडू दे जरा. कच्ची ठेवतेस तू."

"तडतडली की हो."

"कुठे? मी इथेच उभा आहे."

"आता जळायला लागली, तुमचं काय चाललंय!"

मग काळ्या पडलेल्या मोहरीची आमटी व्हायची. साहेब ती मुकाट्याने जेवायचे आणि जाताजाता म्हणायचे की हल्ली मोहरी पहिल्यासारखी येत नाही.

तशी हल्ली त्यांच्या मते कुठलीच गोष्ट पहिल्यासारखी नव्हती. माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात. चिमण्या कमी झाल्या. मला एकदा म्हणाले, "बाई, तुम्ही शिकवता ना? मग स्पष्ट बोला. मुलांना 'स' कुठला नि 'श' कुठला कसं कळणार?" वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत माझा आवाज जायचा, आणि हा माणूस हातभरावरून मला उच्चार शिकवत होता. मी फार रागावले. घरी येऊन आरशापुढे 'ससा, शशी' म्हणूनही पाहिलं.

पण हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. एक गोष्ट तशी नव्हती.

एका दुपारी वहिनी आणि मी ओट्यावर तांदूळ निवडत बसलो होतो. साहेब ड्यूटीवर. मी सहज म्हटलं, "वहिनी, एखादी ओवी म्हणा की."

"आता कुठली ओवी," त्या म्हणाल्या. हातातला खडा त्यांनी लांब भिरकावला. "गळा गेला माझा."

"कोण म्हणालं?"

"हेच म्हनत्यात. दोन सालं झाली. आदी म्हनले, आवाज जरा बसलाय. मग म्हनले, गढूळ झालाय. ज्येष्ठमध आनला, मिरी-खडीसाखर झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या. जुनी टेप लावत्यात नि म्हनत्यात, टेपबी उतरत चालली, तुझ्यासारखीच." त्यांनी आणखी एक खडा वेचला. "त्यांना आवाजातलं कळतं. मला काय कळतंय? मी आपली जात्यावर बसनारी. गळा न्हाई तर कशाला लोकांचे कान फोडा?"

साहेब ड्यूटीवर असताना भरड काढायला त्या जात्यावर बसत, तेव्हा भिंतीतून कधीकधी त्यांचं गुणगुणणं यायचं. मला ते चांगलं वाटायचं. पण आवाजाच्या बाबतीत कॉलनीत साहेबांचा शब्द शेवटचा. त्यांना काहीतरी ऐकू येत असेल जे आपल्याला येत नाही, असंच सगळे धरून चालायचे. दारात साहेबांची सायकल वाजली की भिंतीपलीकडचं गुणगुणणं थांबायचं. त्याचं मला वाईट वाटायचं, आणि त्या माणसाचा रागही यायचा.

मग ते दुष्काळाचं साल आलं. ऊस शेतातच वाळला आणि कारखान्याचा पट्टा लवकर पडला, म्हणजे गाळप बंद झालं. हंगामात कारखान्याची घरघर आमच्या खिडक्यांतून, ताटावाट्यांतून, दातांतून चालू असायची. ती थांबली की आम्हाला चुकल्यासारखं व्हायचं. बाकी सगळे पाण्याच्या नि पुढच्या हंगामाच्या काळजीत होते. साहेब मात्र म्हणाले, "आता शांतता आहे. आता निकाल लावू."

त्यांची कल्पना अशी होती. मधल्या दारावर पडदा लावायचा. पडद्यामागे वहिनी जात्यावर, आणि त्यांच्या शेजारी करवत. आठवडाभर आधी त्याच ओवीची टेप तयार ठेवायची. एकदा वहिनी म्हणतील, एकदा डबा. क्रम माझ्या यजमानांनी मनाने ठरवायचा, कुणालाही न सांगता. पडद्याच्या अलीकडे बसून आम्ही ओळखायचं, माणूस कुठला नि डबा कुठला. ओळखता आलं नाही तर डबा खरा. मग त्याच्यावर तोलून वहिनींच्या सगळ्या ओव्या टेप करायच्या, उरलासुरला गळा जायच्या आत.

वहिनी तयार नव्हत्या. शेवटी म्हणाल्या, "ह्या एका बारीला म्हनते. टेपसाठी एकदा नि पडद्यामागं एकदा. मग पुना मला गा म्हनायचं न्हाई. कधीच न्हाई." साहेबांनी मान डोलावली. कधीच नाही म्हणजे काय, हे त्यांच्या ध्यानात आलं असेल असं मला वाटत नाही. ते वायर सोलत होते.

रविवारची दुपार होती. पडदा म्हणजे वहिनींचं निळ्या काठाचं जुनं लुगडं. अलीकडे सतरंजीवर मी, बेलापूरचा कर्णेवाला आणि साहेब; पलीकडे टेपपाशी माझे यजमान. साहेबांनी घड्याळ काढून रांजणातल्या छत्र्यांवर ठेवलं, टिकटिक नको म्हणून. डोळे मिटले.

पडद्यामागे जातं फिरलं.

*डोंगराच्या आडोशाला, भात पिवळं पडलं,*
*माझ्या बंधवाची गाडी, कुठं चाक हे अडलं...*

भरलेला, किंचित खरखरीत, जात्याच्या फेऱ्याबरोबर वळणारा आवाज. मला कुणी काही विचारायची गरज नव्हती. कर्णेवाला तर मांडीवर हात आपटून माझ्याकडे बघून हसला. साहेबांच्या कपाळावर मात्र आठी पडली. त्यांनी हळूच मान हलवली, नापसंतीची.

जातं थांबलं. खट्‌कन काहीतरी दाबल्याचा आवाज आला आणि तीच ओवी पुन्हा सुरू झाली. 'च' आला तो चिमट्यासारखा, 'ट' खिळा ठोकल्यासारखा. करवतच ती. माझे खांदे आपोआप वर गेले.

साहेबांनी डोळे उघडले. इतका आनंदलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. ते दबक्या आवाजात, पण त्यांचा दबका आवाज सगळ्या खोलीला ऐकू जायचा, म्हणाले, "ही ती! पहिला डबा होता, गढूळ. ही ती आहे. ऐका, बाई, कसा लागलाय! गेलेला आवाज परत आलाय तिचा!"

कर्णेवाला म्हणाला, "साहेब..." पण साहेब थांबले नाहीत. उठले, चार ढांगांत दारापाशी गेले आणि लुगडं बाजूला सारलं.

वहिनी जात्यापुढे मांडी घालून बसल्या होत्या. हात मांडीवर, ओठ मिटलेले. आणि त्यांचा आवाज बाजूच्या चेमटलेल्या पत्र्यातून चालला होता. माझ्या यजमानांनी घाईघाईने टेप बंद केली.

साहेब एकदा वहिनींकडे, एकदा करवतीकडे बघत होते. मग वहिनींनी आम्हाला विचारलं, त्यांना नाही. "तुमाला कुठली माजी वाटली?"

"पहिली," मी म्हटलं.

"पहिलीच की वैनी," कर्णेवाला म्हणाला. "दुसरी ती आमच्या जत्रंतली."

वहिनी उठल्या, लुगड्याची घडी घातली, ती छातीशी धरली. "म्हंजी माजा गळा गेला न्हाई," त्या म्हणाल्या. "दोन सालं गेली."

साहेबांनी वाद घातला नाही. हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. त्यांनी खिशातून चाव्यांचा जुडगा काढला आणि उजव्या कानाशी हलवला. मग डाव्या. मग फरशीवर टाकला, उचलला, पुन्हा टाकला. मग स्वयंपाकघरात गेले, स्टोव्ह पेटवला, कढईत तेल घातलं. आम्ही दारात उभे. तेल तापल्यावर त्यांनी मूठभर मोहरी टाकली आणि कढईवर वाकले, इतके की चष्म्यावर तेल उडालं. मोहरी उड्या मारत होती, बाहेर पडत होती, सगळं घर तडतडत होतं.

"तडतडते आहे?" त्यांनी विचारलं.

"व्हय," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी ती पूर्ण काळी होईपर्यंत बघितली. नोकरीच्या सुरुवातीला कितीतरी हंगाम त्यांनी यंत्रांच्या शेजारच्या खोलीत काढले होते, जिथे साखर गरगर फिरवून वेगळी करतात. तिथली शिट्टी दिवसरात्र चालायची. तिनेच त्यांच्या कानातले वरच्या पट्टीचे बारीक आवाज खाल्ले होते; म्हणून तर करवतच त्यांना खरी वाटायची. इतकी वर्षं हा माणूस डबे तपासत होता, टेप तपासत होता, बायकोचा गळा तपासत होता. तपासणाऱ्यालाच एकदा तपासावं, हे एवढ्या शिकलेल्या केमिस्टला सुचलं नव्हतं. मला त्यांची कीव आली. पण दोन सालं हे वहिनींचे शब्दही कानातून जाईनात.

त्यानंतर वहिनी गाऊ लागल्या. साहेब सोडून सगळ्यांसाठी. त्या आमच्या ओट्यावर गायच्या, नळावर गायच्या, शाळेत येऊन त्यांनी माझ्या मुलींना दोन ओव्या शिकवल्या. साहेबांची सायकल वाजली की मात्र पूर्वीसारख्याच गप्प व्हायच्या. पूर्वी ते भीतीने होतं, आता रागाने. मी एकदा म्हटलं, "वहिनी, आता सोडा." त्या म्हणाल्या, "तुमी नका मदी पडू." मी पडले नाही.

साहेबांनी महाराज नि गोडबोल्या कर्णेवाल्याला देऊन टाकले. करवत ठेवली. कुणाच्या घरी गेले तरी रेडिओकडे जाईनात. चहा समोर आला की प्यायचे. एकदा चुकून साखरेचा आला, तोही प्यायले. मला वाटलं, संपला हा माणूस.

मग एका सकाळी भिंतीपलीकडे ओढाताणीचे आवाज आले. बाहेर येऊन त्यांच्या उघड्या दारातून बघते तर वहिनी स्वतः खाटेवरून दोन्ही माइक काढून वायर स्वयंपाकघरात नेत होत्या. साहेब बाहेरच्या खोलीत खुर्चीवर, मांडीवर त्या दोन खुंट्यांची फळी आणि शेजारी स्टुलावर करवत. काय चाललंय ते त्यांना कळत नसावं. ते नुसते हातातल्या खुंट्या धरून बसले होते.

आतून जात्याचा खुंटा ठोकल्याचा आवाज आला. मग करवतीतून, क्वार्टरच्या आख्ख्या ओळीला ऐकू जाईल असा वहिनींचा आवाज निघाला.

"अहो! येतंय का ऐकू?"

"येतंय!" साहेब ओरडले. त्यांना आपला आवाज किती मोठा आहे ते कळायचं कारणच नव्हतं.

"मग सांगा. गळा गेलाय का माजा?"

समोरच्या क्वार्टरमधली बाई झाडता झाडता थांबली. पाण्याच्या टँकरची वाट बघत रांगेत उभे असलेले सगळे आमच्या दाराकडे वळले.

"नाही!" साहेबांनी खुर्चीतून उठून, आतल्या दाराकडे तोंड करून आरोळी ठोकली. "नाही गेला! माझे कान गेलेत! तू म्हण!"

मग जातं फिरलं. भिंतीतून वहिनींचा आवाज आला, भरलेला, खरखरीत. आणि त्याच्यावर चढून करवतीचा, कानाला चिमटे घेणारा. दोन्ही एकदम. रांगेतल्या लोकांनी कानावर हात ठेवले. साहेब खुर्चीत बसले, जात्याच्या माइकची खुंटी थोडी कमी केली, वहिनींची पूर्ण उघडली आणि कान पत्र्याला टेकवून ऐकत राहिले.